शेरूची फळी

मी सासरी गप्प असते ती काही गुणी म्हणून नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मोठ्यायच्या मधात बोलाचं नाही."

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे, शेरूचे, मागचे पाय अधू झाले, त्याला ओट्यावर चढता येईना. सासूबाई म्हणाल्या, "आज चढला तं ठीक, नाही तं वावरात नेऊन ठेवा."

नवऱ्याने मोबाईलवर कुत्र्यांचा रॅम्प शोधला. मामाजी, म्हणजे सासरे, किंमत ऐकून भडकले आणि रिसोडच्या मार्केटातून हमालांची पोती चढवायची फळी घेऊन आले.

"याच्यावरून हमाल सोयाबीनचा कट्टा घेऊन ट्रकात चढते. हा काहून नाही चढणार?"

पाय रोवायला फळीवर आडव्या पट्ट्या होत्या. "नखं अडकतीन त्याचे," म्हणत मामाजींनी तीच बाजू खाली केली. शेरू दोनदा घसरला.

"असं चढ ना बे!" म्हणून मामाजी स्वतः चढले आणि बसल्या बसल्या थेट शेरूपाशी खाली आले.

मी म्हटलं, "मामाजी, फळी उलटी आहे."

"मंग आदी काहून नाही सांगतलं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेरूकडे पाहू लागल्या.

फळी पलटली, शेरू चढला. आता मामाजी खिळा ठोकायच्या आधी माझ्याकडे बघतात. शेरूही, फळीवर पाय ठेवायच्या आधी.