स्वयंपाकघरातला साक्षात्कार

बायको : अहो, नुसते पडून काय राहिलात? शिंपीणताई अजून पुढच्या खोलीत बसल्यात.

पाळक : सांग, झोपलोय म्हणून.

बायको : सांगितलं. उठेपर्यंत थांबते म्हणाल्या. नवऱ्याला दवाखान्यातून घरी आणायला निघाल्यात. उद्याचं ऑपरेशन रद्द. आधी तुमची प्रार्थना हवी.

पाळक : रद्द? कुणी सांगितलं त्यांना?

बायको : तुम्हीच की! रविवारी, चर्चच्या भरल्या उपासनेत. ‘प्रभू मला एक हृदय दाखवतोय, त्याला सुरी लागणार नाही.’

पाळक : ते बोलण्याच्या भरात गं...

बायको : आणि प्रभूनं कधी दाखवलं? त्यांच्या नवऱ्याच्या हृदयाचं शनिवारी भाजी चिरताना मीच तुम्हाला सांगितलं होतं. ताईंनी शपथ घालून मला सांगितलेलं.

पाळक : मग रविवारी समोरच होतीस ना? इतकी वर्षं ऐकतेयस, कधी हूं की चूं केलं नाहीस.

बायको : नाही केलं. घरोघरी मान मिळत होता, मलाही तो गोड लागला. पण त्या माणसाच्या जिवाचं काही झालं तर? मागे खोट्या संदेष्ट्यांवर तासभर बोललात.

पाळक : ते दुसऱ्यांबद्दल होतं.

बायको : हो ना.

पाळक : दमलोय गं मी. लोक तोंडाकडे बघत बसतात, आज कुणाचं काय दिसतंय म्हणून. नुसतं बायबलमधलं वचन वाचलं की जांभया देतात.

बायको : देऊ देत.

पाळक : खरं सांगितलं तर तुझंही नाव जाईल. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला तो कशामुळे? तू, त्यांची वहिनी, कुणाला सांगणं शक्यच नाही असं त्यांना वाटलं, म्हणून.

बायको : माहितेय मला. बोलावू?

पाळक : बोलाव.

(शिंपीण आत येते.)

शिंपीण : पाळकसाहेब, बरं वाटत नाही का?

पाळक : बसा ताई. प्रभूनं मला काहीही दाखवलं नव्हतं. मला हिनं सांगितलं होतं. आणि सुरीचं मी माझ्या मनानंच बोललो. चुकलो. ऑपरेशन होऊ द्या.

शिंपीण : हे आता प्रभू म्हणतोय, का तुम्ही?

पाळक : मी. आणि डॉक्टर.

शिंपीण : बरं. मग त्यांना दवाखान्यातच राहू देते.

बायको : ताई, घोटभर चहा तरी घ्या.

शिंपीण : नको. वहिनी, मी तुम्हाला आणखीही बरंच काही सांगितलंय.