तेलाचा लाल दिवा

गावच्या दवाखान्यात ग्लेनिस नंबरची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर क्लॅरी आणि नेव्ह हे दोघे म्हातारे मेंढपाळ गाडीचं पुराण लावून बसले होते.

"तेलाचा लाल दिवा लागला नि मी तिथंच इंजिन बंद केलं."

"भर माळावर, क्लॅरी?"

"मग काय. ट्रॅक्टरनं ओढत घरी आणली. तेलाचा दाब गेला की इंजिन गेलंच म्हणून समज."

"तेल कमी झालं असेल."

"तेल मोजायची काडी काढून बघितली. तेल पुरेसं होतं."

"मग सेन्सर गेला असेल."

"तुझ्यासारखे गाढव सेन्सरला शिव्या देत बसतात आणि इंजिनाची माती करतात. मी वेगळा गेज लावून दाब मोजला. खरंच कमी होता. इंजिनाखालची तेलाची टाकी उतरवली, तर आतली जाळी गाळानं चोंदलेली. धुतली, नवं तेल घातलं, दिवा विझला. दिवा कधी खोटं बोलत नाही, नेव्ह."

तेवढ्यात नर्सनं क्लॅरीच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला.

"दाब फारच चढलाय, क्लॅरी. छातीत कधीपासून दुखतंय?"

"मेंढ्या भादरल्या तेव्हापासून. पण बाई, तुमचं ते मशीन एकदा तपासून घ्या. सेन्सर गेलेला दिसतोय."