पेटारीचा शिक्का

नोकरीत कायम व्हायला माणूस हुशार लागतो, असं तुम्हाला वाटतं ना? मग आमच्या ह्यांचंच ऐका.

कोल्हापुरात आम्ही नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. हे शाळेत शास्त्र शिकवायचे आणि मी तिथंच बालवर्गाला. एक दिवस तपासणीला साहेब आले. त्यांच्या शेऱ्यावर ह्यांची नोकरी कायम व्हायची होती.

ह्यांनी टेबलावर माळावरची दोन झाडं मांडली होती, चिकणा आणि पेटारी. दोन्ही भेंडीच्या कुळातली, फुलं दोघांचीही पिवळी. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "नावाच्या चिठ्ठ्या उलट्या लावल्यात."

हे म्हणाले, "नाही साहेब, फळ बघा ना."

"मला शिकवता?" साहेबांनी तिथंच शेरा लिहिला, 'शिक्षकास साधी झाडे ओळखता येत नाहीत.'

मी दारातून बघत होते. तेवढ्यात पाणी घेऊन आलेली शाळेची शिपाईण गंगव्वा म्हणाली, "अवो सायेब, त्यात काय अवघड हाय? शिक्का उठतोय ती पेटारी. ल्हानपणी हातभर मारलेत की!" आणि तिनं पेटारीचं चाकासारखं फळ साहेबांच्या शाईच्या गादीवर दाबून थेट शेऱ्याखाली शिक्का उठवला. गोल, रेखीव, अगदी सरकारी!

साहेबांनी रागानं कागद तसाच पाकिटात कोंबला.

महिन्याभरात ह्यांना कायम केल्याचा हुकूम आला. हे कचेरीत विचारायला गेले, तर कारकून म्हणाला, "शेरा वाचतंय कोण, मास्तर? खाली शिक्का होता की!"