गाव्रीलची यंदाची वाइन

मोल्दोवातल्या एका जिल्हा इस्पितळात लिदियाबाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी रांगेत बसल्या होत्या. पुढच्या बाकावर निवृत्त बसचालक गाव्रील आणि त्याची बायको पारास्कोव्हिया; दोघांचं बोलणं लिदियाबाईंना स्पष्ट ऐकू येत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले, नीट सांगा," पारास्कोव्हिया नवऱ्याला म्हणाली.

"यकृत दगडासारखं झालंय. रक्ताला त्यातून वाट नाही. मोठा रस्ता बंद असला की मी बस गल्लीतून काढायचो, तसं रक्त अन्ननलिकेच्या बारक्या शिरांतून निघालंय."

"मग?"

"शिरा फुगल्यात. फुटल्या तर मी संपलो. आज त्यांना रबरी कडी घालणार."

"रस्ता बंद कोणी पाडला?"

"मी दारूला शिवत नाही. घरची वाइन तेवढी."

"दिवसाला तीन लिटर."

"ती दारू नव्हे, द्राक्षं. आणि रविवारी गावचा उत्सव. पाहुणा आपल्या वाइनच्या तळघरात उतरला की यजमानानं त्याच्याबरोबर प्यायचं असतं. आता नाही म्हणून काय तोंड दाखवू?"

"ईस्टरला दाखवलंत तेच."

"ईस्टरला मी अकरा पेले घेतले होते."

"चेरीच्या सरबताचे. मार्चमध्ये रक्त ओकलात ना, त्या दिवसापासून तुमच्या सुरईत तेच भरतेय."

"मी गायलो होतो."

"टेबलावर चढून."

"आणि पाहुणे?"

"सुरई एकच होती. पाद्रीबुवा कुंपण धरधरून घरी गेले."

गाव्रीलनं मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पारास्कोव्हिया, हे कुणाला बोलू नकोस."

"का?"

"सगळे म्हणत होते, अशी वाइन मला आजवर जमली नव्हती."