एक्केचाळिसाव्या मिनिटानंतर

सिंधुबाई : मोबाईलमध्ये नाय, ईमेलात नाय. आमचा योगेश ओझरहून फोनवर म्हणला, आई, रेकॉर्डिंग झालंच नसंल. आता कुठं शोधताय मॅडम? चहा घ्या.

वैष्णवी : झालंय, काकू. महिला गटाची ऑनलाइन मीटिंग तुमच्या लॅपटॉपवरून सुरू होते. ती सुरू झाली की रेकॉर्डिंग आपोआप चालू होईल, असं मीच वर्षापूर्वी लावून दिलं होतं. त्यामुळे ते यातच असणार.

सिंधुबाई : एवढी खात्री?

वैष्णवी : हे बघा. प्रत्येक मीटिंगचं वेगळं फोल्डर, वर तारीख आणि वेळ. एकोणीस ऑगस्ट, संध्याकाळी सात. झेंडूवरच्या फवारणीची मीटिंग.

सिंधुबाई : मग हायच की. लावा.

वैष्णवी : आत व्हिडिओ नाहीये, कच्ची फाईल आहे. मीटिंग संपल्यावर व्हिडिओ तयार करायला लॅपटॉपला थोडा वेळ लागतो. तुम्ही मीटिंग संपली की काय करता?

सिंधुबाई : बटण दाबून धरते, झाकण लावते आन कपाटात ठेवते. उघडा ठेवला तर उंदरं वायरी कुरतडत्यात.

वैष्णवी : म्हणून वर्षभराच्या सगळ्या मीटिंगा कच्च्या राहिल्यात.

सिंधुबाई : अर्ध्या भाकरी तव्यावरनं काढल्या म्हणायच्या.

वैष्णवी : पुन्हा टाकता येतात. या फाईलवर दोनदा क्लिक केलं की राहिलेलं काम सुरू होतं. झालं सुरू. दहा-पंधरा मिनिटं लागतील.

सिंधुबाई : चारला बायका मंदिरात जमत्यात. तुम्हाला सांगून ठेवते, सगळ्यांची तोंडं वाकडी हायत. कलाबाईचा अर्धा एकर झेंडू करपला. दसऱ्याला पंचवटीच्या बाजारात न्यायचा होता तिला. साळूबाई तर म्हणती, या मॅडमला बदला, शेतीचा सल्ला द्यायला सटाण्याचे एक साहेब हायत त्यांना बोलवा.

वैष्णवी : बदलायचं असेल तर बदला. पण मी चुकीचा डोस सांगितला म्हणून नको. पंधरा लिटरच्या पंपाला तीस ग्रॅम बुरशीनाशक, एवढंच मी सांगितलं होतं. साठ कधीच नाही.

सिंधुबाई : कलाबाई खोटं बोलणारी नाय हो. मीटिंगमध्येच साठ ऐकलं म्हणती.

वैष्णवी : मीही खोटं बोलत नाही. म्हणून तर शोधतेय. घ्या, झाला व्हिडिओ. बाराव्या मिनिटाच्या आसपास बघू.

सिंधुबाई : ह्ये तुम्हीच. तीस म्हणाल्या. परत एकदा म्हणाल्या, तीस. आन पाटीवर लिहून पण दाखवलंय. सुटल्या तुम्ही. बंद करा आता, मी मंदिरात न्यायचा डबा भरते.

वैष्णवी : थांबा जरा. व्हिडिओ एकोणसाठ मिनिटांचा आहे. मी एक्केचाळिसाव्या मिनिटाला बाहेर पडले.

सिंधुबाई : मग पुढं काय असणार? गप्पा. साळूबाईच्या सुनेचं डोहाळजेवण ठरत होतं.

वैष्णवी : तुम्ही मीटिंग बंद करेपर्यंत रेकॉर्डिंग चालूच होतं. ऐकू या.

(रेकॉर्डिंग पुढे सरकवलं जातं. आधी हसण्याचे आवाज, मग शब्द स्पष्ट होतात.)

रेकॉर्डिंगमधली सिंधुबाई : मॅडम पुस्तकातलं सांगत्यात गं. तीसनं बुरशी नुसती खोकंल. मी दर साली साठ टाकते.

रेकॉर्डिंगमधली कलाबाई : माझी रोपं कवळी हायत अजून. चालंल का?

रेकॉर्डिंगमधली सिंधुबाई : मार बिनधास्त. मी सांगते ना.

सिंधुबाई : ...माझा तर नाय करपला.

वैष्णवी : तुमची झाडं महिनाभर आधीची. पानं जून झालेली. शिवाय तुम्ही ऊन उतरल्यावर फवारता. तिनं कधी फवारलं?

सिंधुबाई : भर दुपारी. बाराला. पाणी सोडायच्या आधी उरकून घेते म्हणाली होती.

वैष्णवी : साठ ग्रॅम, कोवळी पानं आणि बाराचं ऊन.

सिंधुबाई : मला आठवतच नव्हतं, मॅडम. देवाशप्पथ.

वैष्णवी : माहीत आहे. आठवत असतं तर तुम्ही लॅपटॉप काढून दिला नसता.

सिंधुबाई : आता काय करता?

वैष्णवी : बारावं मिनिट तेवढं दाखवते. माझ्यापुरतं तेवढं पुरेसं आहे. पुढचं तुमच्या घरात राहू दे.

सिंधुबाई : आन कलाबाईचं काय? तुमचं तीस ऐकलं की बायका म्हणतील, हिच्याच कानात दोष. आधीच तिचा नवरा तिला रोज ऐकवतोय. तिनं बरोबरच ऐकलं होतं.

वैष्णवी : हो. तिनं बरोबरच ऐकलं होतं.

सिंधुबाई : मग सगळं लावायचं. तुमचं पण आन माझं पण.

वैष्णवी : काकू, तुम्ही गटाच्या अध्यक्ष आहात.

सिंधुबाई : म्हणून तर. मंदिरातला भजनाचा स्पीकर जोडता येतो का याला?

वैष्णवी : येतो. वायर आहे माझ्याकडे.

सिंधुबाई : जोडा. मागं बसणाऱ्यांना पण ऐकू जायला पाहिजे. चला, साडेतीन झाले.

वैष्णवी : तुम्ही पुढे माझ्याजवळ बसाल ना?

सिंधुबाई : नाय. मी कलाबाईशेजारी बसते.