काचेवरचं कुंकू

चहा निवेपर्यंत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

नागपूरला ढग आणि ऊन मोजणारं एक विमान आलं होतं. त्याच्या पाठीवर वाटीएवढी काच होती, ती ऊन मोजायची. उड्डाणाआधी ती पुसायचं काम माझं. हुडकेश्वरची स्नेहल, माझ्या नातीच्या वयाची, त्या विमानातून थेट ढगात जायची. एके दिवशी आभाळ फारच काळं झालं होतं. नव्या गाडीला लावतो तसं मी काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं.

विमान परतलं तेव्हा स्नेहलचा चेहरा उतरलेला होता.

"ऊन कमीच भरलं. दिवसभराची मोजणी वाया गेली. काचेवर कुंकू कोणी लावलं?"

"मीच लावलं, बेटा. तू ढगात जाऊन राहिली होती. मले भेव वाटलं."

"पण काचेवरच काहून, बाबा?"

"तीच सगळ्यात वर होती. म्हटलं, देवाले दिसन."

ती तशीच वळून निघून गेली. मला वाटलं, आपलं काम गेलं.

दुसऱ्या दिवशी विमानात चढण्याआधी ती माझ्यासमोर येऊन कपाळ पुढे करत वाकली.

"इथं लावा, बाबा. इथलं ऊन कोणी मोजत नाही."