श्रावस्ती शांत कुठे होते?

—नाही गं क्षिप्रा, सही नाही करायची मला. चहा घे तू, बिस्किट घे, पण तो खोलीच्या संमतीचा फॉर्म बॅगेत ठेव. तुम्ही चौघांनी मेहनत केलीत, कोण नाही म्हणतंय? नोएडाच्या कॉलेजातून रोज इथं गाझियाबादला यायचं, माझ्या श्रावस्तीच्या शाळेत ती शांत खोली उभी करायची — भिंतींना गाद्या, मिणमिणता दिवा, ती घरघर, तो लिंबाचा वास — सगळं पालकांनी लिहून दिलं तसं. कुठल्या पालकांनी? मीच एकटीनं! बाकीच्यांनी अर्धे फॉर्म कोरे दिले. मला मेलीला सोडलेल्या सरकारी नोकरीची सवय, एक रकाना रिकामा सोडवत नाही. ‘मूल घरी शांत कुठे होतं?’ मी लिहिलं — अंधार, पंख्याची घरघर, लिंबाचा वास. खोटं नव्हतं बाई ते.

परवा तिला आत बसवलं आणि दोन मिनिटांत गप्प झाली — तुम्ही टाळ्या वाजवल्यात, तुमच्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मी कुठे बघत होते? तिच्या सलवारीकडे. ओली झाली होती. पाणी सांडलं म्हटलं ना मी? नव्हतं सांडलं.

अशी बघू नकोस यार. बारा वर्षांची झाली, एक शब्द बोलत नाही, ओरडायला लागली की तास तास. खालचे गुप्ताजी दार ठोकतात — ‘बच्ची को चुप कराइए जी.’ घरमालकानं दोनदा सांगितलंय, दुसरीकडे बघा. ह्यांना काय, सकाळी डबा घेतला की ऑफिस. मग मी काय करते? बाथरूममध्ये घालते. दिवा बंद, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एक्झॉस्टचा पंखा चालू, बाहेरून कडी. फिनाइल लिंबाचं आहे. रोज नाही हं! रोज नाही… आठवड्यातून चार-पाचदा. आधी दार बडवायची. आता कडीला नुसता हात लावला तरी गप्प. त्याला मी शांत झाली म्हणते — दुसरं काय म्हणू, सांग ना? शाळा ही एकच जागा होती तिला, जिथं कुणी कोंडत नव्हतं. आता तिथंही ओरडली की त्याच खोलीत नेणार. मोडा ती खोली. कारण काय सांगायचं ते तुम्ही बघा, फक्त माझं नाव नको — पोरीला घेऊन जातील माझ्या, आणि मी तिच्याशिवाय जगणार नाही, खरंच सांगते.

काय? आत्ता कुठेय ती?

…तू येणार होतीस ना गं. म्हटलं, दोन शब्द नीट बोलता येतील.

नाही, तू नको जाऊस तिकडे. बस खाली. — बरं, बसू नकोस. जा तू. बॅग घे आणि जा घरी. मी काढते कडी.